डाव्या डोळ्यावरची पट्टी

मुंबईत असल्फ्याच्या डोंगरावर रिक्षा संपते आणि पायऱ्या सुरू होतात. तिथून वरच्या चार गल्ल्यांत संध्याकाळी सातला टीव्ही बंद होतात. विहाराच्या दाराशी टांगलेली पितळी घंटा वाजली की घराघरांतल्या मालिका मधेच गप्प होतात. नऊपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी हळू बोलायचं. कुणी मोबाइलवर गाणी लावलीच तर शेजारीण भिंतीवर थाप मारते. कायदा कुणी केलेला नाही, आणि मोडतही कुणी नाही.

ही घंटा सुरू केली भीमराज सोनकांबळेने. भीमराज लिफ्टचा मेकॅनिक. पवई-चांदिवलीच्या टॉवरांमध्ये अडकलेल्या लिफ्ट सोडवायला त्याला बोलावतात. बाप अचानक गेला तेव्हा तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. पुढे शिक्षण झालं नाही. "माझी लिफ्ट पहिल्या मजल्यावरच बंद पडली," असं तो हसत सांगे, "पोरीची वरपर्यंत गेली पाहिजे." कामाची पाळी तो अशी लावून घेई की सातला घंटेची दोरी त्याच्याच हातात असावी.

पोरगी म्हणजे ऋतिका, एकुलती एक. ती पहिलीत असताना शाळेत डोळे तपासणीचं शिबिर झालं. ऋतिका बिस्किटाचा पुडा आणि 'दृष्टी उत्तम' असा शेरा घेऊन घरी आली. तिच्या आईला, वनमालाला, त्याचं जरा जास्तच समाधान वाटलं, कारण डोळा हे तिचं पोटापाण्याचं साधन होतं. अंधेरीच्या एमआयडीसीत दागिन्यांच्या एका कारखान्यात ती खडे तपासायला बसे. उजव्या डोळ्याला भिंग, डावा मिटलेला, आणि समोर कण्यांहून बारीक खडे. चिरलेला खडा बाजूला, चांगला पुढे. "आमचं घर अर्ध्या नजरेवर चालतं," असं ती मैत्रिणींना सांगे. दिवसभर मिटलेला डावा डोळा सुटीच्या वेळी उघडला की त्याला सगळं लख्ख दिसायचं. मिटलेल्या डोळ्याचं काही बिघडत नाही, त्याला आराम मिळतो, हे तिला रोजच्या अनुभवाने ठाऊक होतं.

दुसरीत ऋतिकाचं गाडं अडलं. कविता एकदा ऐकली की तिला यायची. बुद्धवंदना तिने गल्लीतल्या सगळ्या मुलांच्या आधी पाठ केली. पण पुस्तक समोर आलं की ती बोट ठेवून, मान एका बाजूला कलती करून वाचे. एक ओळ संपली की भलत्याच ओळीवर जाई. थोड्या वेळाने डोळे चोळे आणि कपाळ दुखतंय म्हणे.

चेतना टीचरने भीमराजला शाळेत बोलावून घेतलं. "धडा पाठ असतो हो तिचा. पण मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवलं की गप्प. हुशार आहे, पण आळशी आहे. घरी बसवा जरा तिला."

बसवण्यात भीमराज कमी पडणारा नव्हता. सात ते नऊ ऋतिका भिंतीला पाठ लावून बसायची आणि तो दारात. त्याची आई, शकुबाई, मूळची नांदेडकडची. ती कोपऱ्यात लसूण सोलत चुळबुळ करायची.

"लेकराचं डोस्कं दुखायलंय रं. दृष्ट काढू का?"

"आई, या घरात दृष्ट निघणार नाही."

"मग दाबू तरी का?"

"नऊ वाजल्यावर दाब."

मग डोळ्यांची साथ आली. गल्लीतल्या निम्म्या मुलांचे डोळे आले, तसे ऋतिकाचेही. एका रविवारी सकाळी तिचा डावा डोळा चिकटून बंदच झाला. वनमालाने कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्यावर ठेवला आणि चहाचा कप पुढे केला. ऋतिकाचा हात कपाच्या बाजूने निघून गेला.

"समोर आहे गं, धर की."

दुसऱ्यांदा हात कपाला धडकला आणि चहा सांडला. वनमाला ओरडणार होती, पण मुलीचा चेहरा बघून थांबली. तिने फळीवरचं मराठीचं पुस्तक काढून उघडं समोर धरलं.

"काय आहे हे?"

"पुस्तक."

"ह्या पानावर काय आहे?"

उजवा डोळा सताड उघडा ठेवून ऋतिका पानाकडे बघत राहिली. "काळं काळं आहे," ती म्हणाली.

रुग्णालयाच्या नेत्र विभागात डॉक्टर शर्मिष्ठा यांनी तिच्या डोळ्यांत औषध घातलं, बराच वेळ तपासलं आणि आईबापाला समोर बसवलं. बाई चाळिशीच्या, बोलणं भरभर, पण तोडून टाकणारं नव्हतं.

"उजव्या डोळ्याचा नंबर खूप जास्त आहे, डाव्याचा कमी. अगदी लहानपणापासून असणार. मेंदूकडे दोन चित्रं जातात, एक बरं, एक धुरकट. मग तो धुरकट चित्र बघायचंच सोडून देतो. डोळ्यात खराबी काही नाही, पण त्याला बघायची सवयच लागलेली नाही."

"शाळेत तर उत्तम म्हणाले होते," भीमराज म्हणाला.

"एकेक डोळा नीट झाकून बघितलं असतं तर कळलं असतं. असो. चष्मा कायम लावायचा. आणि चांगल्या डोळ्यावर, म्हणजे डाव्या डोळ्यावर, चिकटपट्टी. रोज सहा तास. लोक हमखास चुकतात आणि अधू डोळ्यावर लावतात. तुम्ही तसं करू नका."

"नाही करणार," वनमाला म्हणाली.

"आता सात वर्षांची आहे. जोर लावलात तर हा डोळा परत मिळेल. आठ-नऊच्या पुढे फार कठीण. मग चष्म्याने होत नाही, ऑपरेशनने होत नाही, कशानेच होत नाही."

दाराबाहेरून पुढच्या नंबरचा पुकारा झाला. लोक जी चूक करतात ती डॉक्टरांनी सांगितली होती. जी आजवर त्यांच्यासमोर कुणी केली नव्हती, ती सांगण्याचं त्यांना सुचण्याचं कारण नव्हतं.

आधी चष्मा आला. त्या आठवड्यात भीमराजच्या घरी जणू सणच होता. डाव्या डोळ्यालाही थोडा नंबर होताच, तो भरून निघाला आणि ऋतिकाला अक्षरं सुटी सुटी दिसायला लागली. विहारात भीमराजने तिच्यासमोर त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरलं. तिने पाणीकपातीची बातमी अडखळत, पण ओळ न सोडता, शेवटपर्यंत वाचली. पाठ केलेलं नव्हतं, कुणी सांगितलेलं नव्हतं. भीमराजने पेपरची घडी घातली आणि कारण नसताना बाहेर जाऊन घंटा पुसत बसला.

आणि मग पट्टी आली.

पट्टी लावली की ऋतिका पुन्हा त्या काळ्या काळ्या पानापाशी. शाळेत लावून पाठवली तर तिला फळा दिसेना. चेतना टीचरने तिसऱ्याच दिवशी निरोप धाडला, वर्गात पट्टी नको, मुलं चिडवतात आणि हिचं लिहून होत नाही. दुपारी घरी लावली तर पाणी आणायला म्हणून बाहेर पडलेली पोर पायऱ्यांवरून घसरली आणि हनुवटी फोडून घेतली. शकुबाईने पट्टी ओढून काढली. "म्या म्हातारी हिला कुठं धरत फिरू? पडून मरल की एखाद्या दिशी!" मग उरले सात ते नऊ. त्या वेळी पट्टी लावून बसलेल्या ऋतिकाला एक ओळ वाचता येईना. ती रडायला लागली, आणि भीमराजने वनमालाला घराबाहेर बोलावून घेतलं.

"हे चालणार नाही."

"अहो, डॉक्टर म्हणाल्यात."

"डॉक्टरांचं खरं आहे, मी नाही म्हणतोय का? पण आत्ता कुठे पोरगी वाचायला लागली. दीड वर्ष वाया गेलं तिचं. अभ्यासाच्या वेळी डोळा बांधून ठेवायचा, हा काय प्रकार आहे? दुसरी कुठलीही वेळ काढ. सात ते नऊ नाही."

"दुसरी वेळ कुठली? शाळेत नको, दुपारी नको. चोवीस तासांत राहिलंच काय?"

राहिली होती ती झोप. हे वनमालाला सुचलं दुसऱ्या दिवशी, कारखान्यात, भिंग डोळ्याला लावलेलं असताना. शकुबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा दवाखान्याने प्लास्टिकची एक वाटी दिली होती. ती डोळ्यावर ठेवून चिकटपट्टीने बसवायची, आणि बसवायची झोपतानाच. दिवसा नाही लावली तरी चाले. महिनाभर वनमालानेच ती लावली होती आणि म्हातारीचा डोळा छान झाला होता. डोळ्याच्या पट्टीची वेळ ती हीच. एवढी साधी गोष्ट आपल्याला आधी सुचली नाही, याचं तिला हसू आलं.

घरी आल्यावर तिने हे भीमराजला सांगितलं.

"डोकं आहे तुला," तो म्हणाला. "सहाचे आठ तास होतील वर."

शकुबाईनेही मान डोलावली. माझं तसंच केलं होतं की, म्हणाली.

तेव्हापासून घराला वळण लागलं. नऊनंतर जेवण, मग ऋतिका अंथरुणावर बसून चष्मा काढायची, डोळे मिटून तोंड वर करायची, आणि वनमाला डाव्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची. कडा बोटाने दाबून बघायची. खडे तपासणाऱ्या बाईची बोटं ती. कुठे फट राहू द्यायची नाहीत. सकाळी उठल्या उठल्या पट्टी निघे. कातडीवर लाल चट्टे उठले, त्यावर खोबरेल लावलं. एकदा लग्नाला नांदेडला गेले तर पट्ट्या पिशवीत सगळ्यांत वर ठेवल्या. ताप असो, पाहुणे असोत, खंड पडला नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, वनमालासारखं करायला पाहिजे बाई. आम्ही दोन दिवस केलं असतं आणि सोडून दिलं असतं.

तिसऱ्या महिन्यात तपासणीला गेली तेव्हा एक तरुण डॉक्टर होता.

"पट्टी लावताय?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

"किती तास?"

"सहाच्या वरच. कधी आठ."

"मस्त. अशा आया कमी येतात आमच्याकडे." त्याने तक्ता वाचून घेतला. उजव्या डोळ्याने ऋतिकाला सगळ्यांत वरचं मोठं अक्षरच तेवढं सांगता आलं. "वेळ लागतो. चालू ठेवा."

वनमाला पायऱ्या चढून घरी आली ती हे वाक्य घोळवतच. रात्री तिने ते नवऱ्याला सांगितलं. सासूला दोनदा सांगितलं.

पुढच्या खेपेला दुसरी डॉक्टर होती, तीही तरुण. तिने तपासलं, पुन्हा तपासलं, चष्म्याचा नंबर थोडा बदलला. "एवढं करून फरक कसा नाही? तास वाढवता येतील का बघा." म्हणून रविवारी दुपारीही ऋतिकाला पट्टी लावून झोपवायला सुरुवात झाली. बाहेर मुलं क्रिकेट खेळत असायची.

"मम्मी, मला झोप नाही येत."

"डोळे मिटून पड गं नुसती. डोळ्यासाठीच करतोय ना?"

ऋतिका पडून राहायची. अभ्यासात मात्र ती खरोखर पुढे गेली. दिवसा चष्मा होता, डावा डोळा होता. तिसरीच्या पहिल्या चाचणीत ती वर्गात पहिल्या पाचांत आली आणि पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात तिला वह्या-पेन मिळालं. व्यासपीठावरून बापाकडे बघून तिने दोन्ही हात हलवले. ती आठ वर्षं पूर्ण करून पुढे सरकली होती.

पावसाळा संपता संपता पुन्हा तपासणी झाली, तेव्हा खुर्चीत डॉक्टर शर्मिष्ठा होत्या. त्यांनी आधीच्या दोन्ही वेळचे आकडे बघितले. उजवा डोळा तपासला. मग आतल्या पडद्याची तपासणी लिहून दिली, ती त्याच दिवशी करून घेतली. त्यातही काही निघालं नाही. डोळा आतून निरोगी होता.

"पट्टी नीट बसते का? ही फटीतून बघत नाही ना?"

"मॅडम, मी स्वतः लावते. कडा दाबून लावते."

डॉक्टरांना ते खोटं वाटलं नाही. त्या ऋतिकाकडे वळल्या. "तू सांग गं. पट्टी लावली की तुला काय काय दिसतं?"

"काही नाही."

"काहीच नाही? खिडकी? मम्मीचा चेहरा?"

"मी झोपलेली असते ना," ऋतिका म्हणाली.

वनमाला हसली, पोर बोलते कशी बघा, अशी. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी हातातला टॉर्च टेबलावर ठेवला.

"पट्टी झोपेत लावता?"

"हो. अभ्यासात खंड नको म्हणून. पण रोज लावतो, मॅडम. कधी कधी नऊ-नऊ तास."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

डॉक्टर शर्मिष्ठा बाजूला वळल्या. शेजारच्या टेबलाशी ती मागच्या वेळची तरुण डॉक्टर बसली होती. तिने मान वर केली होती.

"तू विचारलं होतंस, कधी लावतात ते?" त्यांनी तिला विचारलं.

"तास विचारले होते, मॅडम."

"मीही तासच सांगितले होते." त्या वनमालाकडे वळल्या. आवाज त्यांनी चढवला नाही. "अहो, चांगला डोळा झाकायचा तो दुसऱ्याने बघावं म्हणून. वाचताना, लिहिताना, खेळताना. झोपेत दोन्ही मिटलेलेच असतात. तुमच्या पट्टीने मिटलेला डोळा झाकला. त्याच्याने काही झालेलं नाही. काहीच नाही."

वनमालाने ऐकलं. तिला पहिल्यांदा आठवलं ते भिंग. उजवा डोळा खड्यावर, डावा मिटलेला. मिटलेला काम करत नाही, उघडा करतो, हे ती दिवसभर करत होती आणि तरीही तिला कळलं नव्हतं.

"मग आता?" तिने विचारलं.

"आता साडेआठची आहे. जागेपणी लावा, सहा तास, आणि त्यातच अभ्यास करू द्या. अडखळली तरी. थोडं परत येऊ शकतं. पूर्ण येईल असं मी म्हणणार नाही. जे एक वर्ष हातात होतं ते गेलं."

भीमराज घंटेला निघाला होता तेव्हा तिने त्याला सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, मधे त्याला बोलू दिलं नाही. तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला.

"मी अभ्यासाच्या वेळी नको म्हटलं होतं," तो शेवटी म्हणाला. "झोपेत लाव, असं मी नव्हतो बोललो."

"मी बोलले. आणि 'डोकं आहे तुला', हे तुम्ही बोललात."

"वनमाला…"

"डोळा गेला तर दोघांनी घालवला. उगाच वाटण्या नकोत."

शकुबाई आतून म्हणाली, "माझ्या वाटीचं तर बरं झालं होतं की रं." भीमराज गेला. त्या दिवशी घंटा उशिरा वाजली. गल्लीत कुणीतरी विचारलंही, काय रे भीमा, बंद पडली काय तुझी लिफ्ट?

आता नियम उलटा झाला. सात ते नऊ ऋतिका पट्टी लावून विहारात बसायची, सगळ्यांच्या समोर. ज्या पोरीचं वाचन ऐकायला बाया दारात उभ्या राहायच्या, ती आता मोठ्या अक्षरांच्या बालवाडीच्या पुस्तकावर नाक टेकवून बसे. चौथीतल्या नितेशने पहिल्याच दिवशी संधी साधली.

"ए डाकू! तलवार कुठंय?"

"घरी. तुझी जीभ कापायला धार लावून ठेवलीय."

पोरं हसली. ऋतिका हसली नाही. तिने बोटाने पानाची कड चाचपली आणि पुन्हा खाली वाकली.

शाळेत चेतना टीचरने पुन्हा निरोप धाडला, तेव्हा भीमराज स्वतः जाऊन बसला. "फळ्यावरचं तिला वाचून दाखवा मॅडम, पाया पडतो, पण पट्टी काढायला लावू नका." टीचरने ऐकलं. वर्गातली मुलगी दिशा तिला फळा वाचून दाखवायला लागली. सहामाहीत ऋतिकाचे गुण घसरले. भीमराज त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. त्याचं हे गप्प राहणं वनमालाला ओरडण्याहून जड गेलं.

मग एका संध्याकाळी ऋतिका वाचायला लागली. भीमराजने एका पोराला घराकडे पिटाळलं आणि वनमाला पिठाचे हात घेऊन विहाराच्या दाराशी आली. पट्टी डाव्या डोळ्यावर होती, पुस्तक मांडीवर उघडं होतं आणि ऋतिका मुंग्यांचा धडा वाचत होती. अडखळत, पण पुढे जात. भीमराजचे ओठ तिच्या शब्दांबरोबर हलत होते.

वनमाला जवळ जाऊन वाकली. बघण्याची तिला सवयच होती. तिने पान बघितलं.

"ऋतू, हे गणिताचं पुस्तक आहे."

ऋतिका थांबली. बोट पानावर तसंच होतं, बेरजांच्या रांगेवर.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "दोन्ही सारखीच जाड आहेत."

भीमराज उठून बाहेर गेला. दिशाने तो धडा वर्गात मोठ्याने वाचला होता, तेवढ्यावर ऋतिकाने तो उचलला होता. अडखळण्याच्या जागासुद्धा तिने विचार करून ठेवल्या होत्या.

त्यानंतरही वनमालाने पट्टी सोडली नाही. कारखान्यातून सुटली की मेट्रोने घरी, आणि घरी आली की मुलीसमोर ताटलीत मणी. लाल एका बाजूला, हिरवे एका बाजूला. मग वाटाणे. मग दोऱ्यात ओवायचे मोठे मणी. ऋतिकाचा दोरा मण्याच्या बाजूने जाई. "मम्मी, मला दिसत नाही." "माहीत आहे. ओव." एवढंच बोलणं दोघींमध्ये उरलं होतं. पट्टीची कड सैल झालेली दिसली की वनमाला ती परत दाबी. मुलगी मान मागे घेई. ती एका हाताने मान धरी आणि दुसऱ्याने दाबी.

शेवटच्या तपासणीला भीमराजही सुटी घेऊन आला. उजेडाच्या पेटीवर अक्षरांचा तक्ता होता. त्यांच्या आधी तीन मुलं तपासून झाली. ऋतिका बाकावर आईला चिकटून, मान खाली घालून बसली होती. तिचा नंबर आला. डावा डोळा झाकला.

"वरून वाच," डॉक्टर शर्मिष्ठा म्हणाल्या.

ऋतिकाने वरचं अक्षर वाचलं. मग दुसरी ओळ. मग तिसरी. भीमराजने वनमालाचं मनगट पकडलं. चौथी ओळही ऋतिकाने वाचली, चार अक्षरं, एकही न चुकता. डॉक्टर उठून तिच्याजवळ आल्या, झाकण नीट बसलंय का बघितलं. बसलं होतं. मग त्यांनी तक्ता बदलला. अक्षरांच्या जागी आकडे आले.

"आता हे."

खोलीत पंखा फिरत होता. ऋतिकाने मान उजवीकडे कलती केली, डावीकडे केली.

"सगळ्यांत वरचा तरी?"

"तीन. नाही, आठ." मग ती हळूच म्हणाली, "हा अजून कुणी वाचला नाही."

भीमराजचा हात सुटला.

डॉक्टरांनी पट्टी बंद करायला सांगितली. मुलीला आता वर्गात मागे पाडून उपयोग नाही, म्हणाल्या. चष्म्याची काच न फुटणारी घ्या. खेळताना चष्मा काढू देऊ नका, रंगपंचमीला बाहेर सोडू नका. "एकच डोळा आहे असं समजून चाला," हे त्या वनमालाला म्हणाल्या, आणि मग खाली बघत लिहीत राहिल्या.

संध्याकाळी वनमाला उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. ऋतिका शेजारी येऊन टेकली. पट्टीच्या जागी कातडी फिकट पडली होती.

"तू रागावलीस?"

"नाही गं."

"मी तुझ्यासाठीच पाठ केलं होतं. ती मुलं वाचत होती ना, तेव्हा. मला वाटलं, चालेल."

वनमालाचा हात ताटात थांबला.

"शाळेत चाललं होतं," ऋतिका म्हणाली. "पहिलीत. तेव्हा पण तक्त्यावरचा ई कुठे वळलाय ते आधी सगळी पोरं हाताने दाखवत होती, वर, खाली, बाजूला. मी तसंच केलं. एक डोळा झाकला तेव्हा पण, दुसरा झाकला तेव्हा पण. त्यांनी मला बिस्किटं दिली."

"तू सांगितलं का नाहीस तेव्हा?"

"काय सांगायचं?" तिला खरंच कळलं नव्हतं. "सगळ्यांचं तसंच असतं असं वाटलं मला. एक बघायचा आणि एक असाच."

विहाराकडून घंटा वाजली. भीमराजने वाजवली होती, वेळेवर. समोरच्या घरातली मालिका वाक्याच्या मधेच तुटली, मग वरच्या गल्लीतली, मग त्याच्या पलीकडची. ऋतिका उठली. तिने चष्मा फ्रॉकला पुसला, आत जाऊन पुस्तक आणलं आणि भिंतीला पाठ लावून वाचायला बसली. तिचा आवाज सगळ्या गल्लीत ऐकू येत होता. तिने एकही ओळ सोडली नाही.